गाडगीळ, पण कोणते?

‘तुम्ही त्या गाडगीळांपैकी का?’ हा प्रश्न कधीच ऐकला नाही असा गाडगीळ सापडणं कठीण. ‘त्या’ म्हणजे कोणत्या, ते विचारणाऱ्यावर ठरतं. अर्थशास्त्राच्या माणसाला धनंजयराव आठवतात, केंद्राच्या मदतीचं राज्यांत वाटप करण्याचं सूत्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते. कथा वाचणाऱ्याला गंगाधर गाडगीळ, राजकारणातल्याला नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले काकासाहेब. पश्चिम घाट म्हटलं की माधव, मॉन्सून म्हटलं की सुलोचना. आणि सोनं घ्यायचं असेल तर पेढीही गाडगीळांचीच.

जोशी दहा क्षेत्रांत दिसले तर आपण मान वळवूनही पाहत नाही. विरळ आडनाव मात्र लक्षात राहतं, दुसऱ्यांदा दिसलं की नातं शोधावंसं वाटतं. त्या ओढीत थोडं तथ्य आहे.

वडिलांकडून मुलाकडे आडनाव जातं तसंच वाय गुणसूत्रही जातं, जवळजवळ जसंच्या तसं. ब्रायन साइक्स या जनुकशास्त्रज्ञांनी २००० साली इंग्लंडमधल्या आपल्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. पुढे लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी अनेक आडनावं ताडून पाहिली. अ‍ॅटनबरो या विरळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच पूर्वजाकडे जात होते. स्मिथ मंडळींत मात्र रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकंच साम्य होतं. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहारकाम गावोगावी चालायचं, त्यामुळे स्मिथही गावोगावी वेगवेगळे तयार झाले.

विरळ आडनावांत एकच शाखा का फोफावते, याचं गणित जुनं आहे. नामवंत घराण्यांची नावं का लोपतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये मांडला आणि हेन्री वॉटसन या पाद्र्याबरोबर १८७४ मध्ये त्याचं गणित प्रसिद्ध केलं. कुणाला चार मुलगे होतात, कुणाला एकही नाही. काही पिढ्यांत बहुतेक शाखा निव्वळ योगायोगाने खुंटतात आणि एखादी उरते. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांची साखळी मोजायलाही पुढे याच धाटणीचं गणित कामी आलं, हे मला फार सुंदर वाटतं.

पण रक्ताचा धागा सापडला तरी हुशारीचा सापडत नाही. वाय गुणसूत्र म्हणजे आपल्या जनुकसंचाचा इवलासा भाग, त्यावर जनुकंही मोजकीच. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात, आडनाव त्यांतल्या एकाचंच सांगतं. गाडगीळ इतक्या क्षेत्रांत दिसतात याचं कारण मी पेशीत नाही, शाळेत शोधीन. हे आडनाव मुख्यतः कोकणस्थ ब्राह्मणांतलं, आणि इंग्रजी शिक्षण पुण्या-मुंबईत आलं तेव्हा त्याची दारं या समाजाला फार लवकर उघडली. ज्यांना ती उघडली नाहीत त्यांची आडनावं त्या काळच्या याद्यांत दिसत नाहीत.

शिवाय आपल्या यादीतली तीन नावं एकाच घरातली आहेत. माधव हे धनंजयरावांचे चिरंजीव, सुलोचना त्यांच्या सूनबाई, माहेरच्या फाटक. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो आणि तोच आपला मॉन्सून, या मांडणीसाठी अभ्यासक आजही ‘सिक्का आणि गाडगीळ, १९८०’ असा दाखला देतात. त्या दाखल्यातलं गाडगीळ लग्नाने आलेलं आहे.