मोटर न्यूरॉन विकार : बळावण्याच्या वेगातील फरक

मेंदूचे आदेश स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या चेतापेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, नष्ट होत जाणे हे या विकारसमूहाचे समान लक्षण. तरीही कुणी वर्षभरात अंथरुणाला खिळतो, तर कुणी दशकानुदशके चालताफिरता राहतो. या तफावतीमागील कारणांचा शोध ही या क्षेत्रातील संशोधनाची एक प्रमुख शाखा आहे. आजार कशामुळे सुरू होतो आणि तो किती वेगाने वाढतो हे दोन वेगळे प्रश्न असून त्यांची उत्तरे अनेकदा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, असे या संशोधनातून दिसते.

तफावतीचा काही भाग आजाराच्या प्रकारातूनच येतो. फ्रेंच वैद्य झां-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेल्या एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस) या विकारात मेंदूतून निघणाऱ्या वरच्या आणि मेरुरज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या खालच्या, अशा दोन्ही चेतापेशी मरतात. लक्षणे दिसू लागल्यापासून बहुतेक रुग्ण दोन ते चार वर्षे जगतात. दहा वर्षांपुढे जाणारे साधारण १० टक्के. १९६३ मध्ये निदान होऊन २०१८ पर्यंत जगलेले स्टीव्हन हॉकिंग यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते इतके अपवादात्मक आहे की त्यावरून इतरांबद्दल काहीच अनुमान काढता येत नाही. केवळ वरच्या चेतापेशी बाधित करणारा प्रायमरी लॅटरल स्क्लेरोसिस पुष्कळ संथ असतो. पुरुषांना होणारा केनेडी विकारही तसाच. तरुणांत हात बारीक करणारा हिरायामा विकार तर काही वर्षांनी आपोआप थांबतो; मान पुढे वाकवताना मेरुरज्जूवर येणारा दाब हे त्याचे कारण मानले जाते.

वेग ठरवणाऱ्या जनुकाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या विकारात मिळते. त्याला कारणीभूत ठरणारे एसएमएन१ हे जनुक १९९५ मध्ये सापडले. जवळपास सर्व रुग्णांत ते निकामी असते, तरी उपचाराविना काही बाळे कधी बसूही शकत नाहीत, तर काहींना प्रौढपणी केवळ सौम्य अशक्तपणा येतो. फरक मुख्यतः एसएमएन२ या जुळ्या जनुकाच्या प्रतींचा असतो. ते आवश्यक प्रथिन थोड्याच प्रमाणात बनवते. प्रती जितक्या जास्त, तितका आजार सहसा सौम्य. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले नुसिनर्सन हे औषध एसएमएन२ कडूनच अधिक प्रथिन बनवून घेते. म्हणजे मूळ दोष तसाच राहतो आणि उपचार होतो तो तीव्रता ठरवणाऱ्या जनुकावर.

एएलएसमध्ये चित्र इतके सरळ नाही. त्याच्याशी जोडले गेलेले पहिले जनुक, एसओडी१, १९९३ मध्ये ओळखले गेले. त्यातील ए४व्ही या उत्परिवर्तनात, म्हणजे जनुकातील बदलात, रुग्ण सरासरी सुमारे वर्षभर जगतात, तर जपानी कुटुंबांत आढळलेल्या एच४६आर उत्परिवर्तनात पंधरा वर्षांहून अधिक. इतर काही उत्परिवर्तनांत एकाच कुटुंबातील दोघांचा वेगही जुळत नाही. सदोष एसओडी१ असलेल्या उंदरांवरील २००६ च्या प्रयोगात याचा एक धागा मिळाला. दोष केवळ चेतापेशींतून काढला तर आजार उशिरा सुरू झाला. तो मेंदू व मेरुरज्जूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींतून काढला तर सुरुवातीची वेळ फारशी बदलली नाही, पण पुढची घसरण मंदावली. चेतापेशींच्या शेजारी काय चालले आहे यालाही त्यानंतर महत्त्व आले.

एएलएसच्या बहुसंख्य रुग्णांत टीडीपी-४३ हे प्रथिन पेशीकेंद्र सोडून बाहेर साचते, हे २००६ मध्येच कळले. ते केंद्रात नसले की यूएनसी१३ए या जनुकाच्या संदेशात नको असलेला तुकडा घुसतो आणि चेतापेशींमधील संदेशवहनाला लागणारे प्रथिन घटते, असे २०२२ मध्ये दाखवले गेले. या जनुकाचे एक विशिष्ट रूप असलेल्यांत ही चूक जास्त घडते. तेच रूप असलेले रुग्ण कमी जगतात, हे आधीपासून माहीत होते.

वेग मोजणे हाही कळीचा मुद्दा आहे. बोलणे, गिळणे, चालणे, श्वास अशा १२ बाबींवर ४८ पैकी गुण देतात आणि दरमहा किती गुण घटले ते पाहतात. ही पद्धत सोयीची, पण ओबडधोबड आहे, कारण घसरण सरळ रेषेत होतेच असे नाही. मरणाऱ्या चेतापेशींतून रक्तात झिरपणारे न्यूरोफिलामेंट हे प्रथिन वेगवान रुग्णांत अधिक आढळते. युरोपातील एएलएसच्या ११,४७५ रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये तयार झालेले भाकीत-प्रारूप आठ घटक वापरते. वय, गिळण्या-बोलण्यातून झालेली सुरुवात, फुप्फुसांची क्षमता, निदानाला लागलेला वेळ आणि सोबत स्मृतिभ्रंश असणे हे त्यांपैकी काही.

औषधचाचण्यांत वेगवान आणि संथ रुग्ण सरमिसळ झाले तर औषधाचा खरा परिणाम झाकला जातो, म्हणून गट पाडताना आता हे घटक लक्षात घेतले जातात. एसओडी१ वरील टोफर्सन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त मान्यता मिळाली तीही रक्तातील न्यूरोफिलामेंट घटल्याच्या आधारावर. एसओडी१ मधील वेगवान उत्परिवर्तने असलेल्या, पण अजून निरोगी व्यक्तींना न्यूरोफिलामेंट वाढताच हे औषध देऊन पाहणारी चाचणी २०२१ मध्ये सुरू झाली.