सानुग्रह मदत आणि नुकसानभरपाई: पंचनाम्यातल्या एका ओळीचा प्रश्न

पाणी ओसरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तलाठी काकीच्या घरी आले. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात अजून तलाठीच म्हणतात.) पडवीत घोटाभर चिखल होता. माजघरातली कणगी खालून भिजली होती आणि आतलं भात फुगून तिच्या कुडाला चीर गेली होती. काकी एकटी राहते. ते भात तिचं वर्षभराचं होतं.

तलाठ्यांनी भांडी मोजली, अंथरुणं मोजली, भिंतीवरची पाण्याची खूण टेपनं मापली. मग कारणाच्या रकान्यात लिहिलं: "अतिवृष्टीमुळे घरात पाणी शिरून संसारोपयोगी साहित्याचे नुकसान." मी म्हटलं, "भाऊसाहेब, मोरीचं पण लिहा. उन्हाळ्यात रस्ता हातभर उंच केला, रस्त्याखालची वहाळाची मोरी डबरानं बुजली. पाणी जाणार कुठून?" ते म्हणाले, "अहो, ते बरोबर आहे तुमचं. पण नमुन्यात कारणाला ही एवढीच ओळ आहे." काकीनं सही केली, मीही पंच म्हणून सही केली. महिन्या-दीड महिन्यानं तिच्या खात्यात काही हजार रुपये आले आणि सगळं गाव म्हणालं, काकीला भरपाई मिळाली.

ती भरपाई नव्हती. ती सानुग्रह मदत होती. आपण दोन्हींना सर्रास "भरपाई" म्हणतो, पेपरातही तेच छापून येतं. त्यामुळे खरी भरपाई मागायची राहूनच जाते.

सानुग्रह म्हणजे कृपापूर्वक. सरकारची चूक झाली म्हणून हे पैसे मिळत नाहीत, तुमच्यावर संकट आलं म्हणून मिळतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याच्या कलम १२ मध्ये अशा मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितलंय. पैसे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतात आणि दर केंद्राच्या तक्त्यात ठरलेले असतात. आपत्तीत माणूस दगावला तर वारसाला ४ लाख. बहुवार्षिक पिकांचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं, तर २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत हेक्टरी साडेबावीस हजार, तेही दोन हेक्टरपर्यंतच.

हा हेक्टरचा हिशेब कोकणात आणून पाहा. आपली वाडी गुंठ्यात असते आणि माणूस ती झाडांवर मोजतो: माझे चाळीस माड, दीडशे पोफळी. हेक्टरी साडेबावीस हजार म्हणजे गुंठ्याला सव्वादोनशेच्या आसपास. वीस गुंठ्यांची वाडी आडवी झाली तर हातात साडेचार हजार. माड लावल्यापासून धरायलाच सहा-सात वर्षं जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा राज्यानं स्वतःची भर घालून फळबागांसाठी हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार जाहीर केले. ते योग्यच झालं. पण त्यातूनच मदतीचा स्वभाव कळतो. रक्कम वाढवायची की नाही, कधी आणि किती, हे सरकार ठरवतं. तुमचं नुकसान प्रत्यक्षात किती झालं, यावर ती ठरत नाही.

नुकसानभरपाईची गोष्ट वेगळी. तिथं तुम्ही म्हणता की हे नुकसान तुमच्या कृतीमुळे किंवा तुम्ही करायचं ते न केल्यामुळे झालंय, तेव्हा ते भरून द्या. तिचा दर कुठल्या तक्त्यात नसतो, जेवढं नुकसान सिद्ध होईल तेवढी भरपाई. मदतीला नुकसान दाखवलं की पुरतं. भरपाईसाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नुकसान झालं, समोरच्याचं कर्तव्य होतं आणि त्यानं ते पाळलं नाही, आणि त्याच्यामुळेच हे नुकसान झालं. आपल्या पंचनाम्यात पहिली गोष्ट असते, उरलेल्या दोन नसतात. काय मोडलं ते सविस्तर लिहिलेलं असतं आणि का मोडलं त्याला एक ओळ. त्या एका ओळीत "अतिवृष्टी" किंवा "नैसर्गिक आपत्ती" आलं की पुढं समोरचा वकील तोच कागद तुमच्यापुढे धरतो. वर तुमची सहीही असते.

तिवऱ्याचं धरण आठवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं हे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती आहे हे गावकऱ्यांनी आधी कळवलं होतं. त्यानंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. त्या वाक्याचा लोकांना संताप आला आणि तो यायलाच हवा होता. पण त्यात एक कायदेशीर गोष्टही दडली होती. खेकड्यांनी पोखरलं म्हटलं की प्रकरण निसर्गाकडे जातं, वारसांना मदत देऊन मिटतं. गळती कळवूनही दुरुस्ती झाली नाही म्हटलं की ते जबाबदारीकडे जातं. माणसं तीच, धरण तेच. कारण कोणतं लिहायचं यावर सगळं अवलंबून.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाही बाजारपेठेत हाच वाद होता: पाऊस, की धरणाचं पाणी, की वाशिष्ठीत साचलेला गाळ? पुढं गाळासाठी साखळी उपोषण करून लोकांनी हा प्रश्न कारणाकडे नेला. मला ते फार मोलाचं वाटतं. मदतीचे पैसे नदीतला गाळ काढत नाहीत.

"सरकारवर कुठं दावा करतात?" हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. सरकारवर दावा लावता येतो, हे राज्यघटनेच्या कलम ३०० मध्येच आहे. एके काळी मात्र अडचण मोठी होती. मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त केलं आणि ठाण्यातलाच हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. त्या खटल्यात, कस्तुरीलाल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली सांगितलं की पोलिसी अधिकार हे सार्वभौम काम आहे, त्यातल्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारवर लादता येणार नाही. ही भिंत पुढं १९९३ मध्ये फुटली. ओडिशातल्या निलाबती बेहेरा यांचा तरुण मुलगा पोलीस कोठडीत मरण पावला. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्राचीच याचिका केली, दीड लाखाची भरपाई दिली आणि स्पष्ट केलं की मूलभूत हक्कांचा भंग झाला असेल तिथं सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही. एका आईच्या पत्रानं पडलेला हा रस्ता आज आपल्यालाही वापरता येतो.

त्या रस्त्यावरचा ताजा टप्पा कोकणाच्या अगदी जवळचा आहे. मुंबई-गोवा महामार्गावर ज्यांच्या घरचं कुणी गेलंय त्यांनी तो लक्षात ठेवावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, आणि जखमी झालं तर दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल करायची आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग, म्हणजे घटनेच्या कलम २१ मधला, या पायावर निकाल उभा आहे. आपत्तीतल्या मृत्यूचे ४ लाख आणि खड्ड्यातल्या मृत्यूचे ६ लाख यांत मला रकमेचा फरक दुय्यम वाटतो. पहिल्या पैशांमागे कुणाचं नाव नसतं. दुसऱ्यात खड्डा कुणाचा होता हे शोधावंच लागतं.

लोक आणखी एका ठिकाणी गोंधळतात, तो म्हणजे दंड. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते, पण त्यातला एकही रुपया अर्जदाराला मिळत नाही. माहिती अधिकारातही दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, असा दंड आहे. तो सरकारी तिजोरीत जातो. मात्र माहिती न मिळाल्यानं तुमचं खरोखर नुकसान झालं असेल तर आयोग तुम्हालाही भरपाई द्यायला सांगू शकतो, कलम १९(८)(ख). ती वेगळी मागावी लागते, आणि मागणारे फार थोडे.

विजेचंही असंच. वीज कायदा, २००३ च्या कलम ५७ प्रमाणे ठरलेल्या दर्जाची सेवा मिळाली नाही तर ग्राहकाला भरपाई मिळते. वादळासारख्या संकटात त्यातून सूट आहे. पण साध्या पावसात चार चार दिवस अंधार असेल, तर तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. फोनवर नुसतं "लाइट कधी येणार?" विचारलं तर मागं काही उरत नाही. आंबा-काजूचा विमा तर मदत आणि भरपाई या दोन्हींत बसत नाही, तो हप्ता भरून केलेला करार आहे.

मदत घेतली म्हणजे भरपाईचा हक्क गेला, अशी भीती खूप जणांना असते. तसं नाही. पुढं रक्कम ठरवताना न्यायालय मिळालेली मदत विचारात घेऊ शकतं, पण ती घेतली म्हणून दावा बुडत नाही. मदत जरूर घ्या, ती वेळेला उपयोगी पडते. सही करण्यापूर्वी कागद मात्र पूर्ण वाचा. "पूर्ण व अंतिम" किंवा "माझी काही तक्रार नाही" असं वाक्य कुठं असेल तर त्यावर बोट ठेवा, आणि खाली आपल्या हातानं लिहा: "मदत म्हणून स्वीकारली, नुकसानभरपाईचा हक्क राखून."

आणि मुदत सांभाळा. कोकणातला माणूस गणपतीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू करतो, आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. कायद्याखाली केलेल्या किंवा न केलेल्या कामाबद्दलच्या काही दाव्यांना एकाच वर्षाची मुदत आहे. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या मुदती त्याहून कमी आहेत. म्हणून पहिल्याच आठवड्यात वकिलाला विचारावं. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये महिलांना मोफत वकिलाचा हक्क आहे, आणि पूर, भूकंप, मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांनाही. ही गोष्ट आमच्याकडे दहातल्या एकालाही ठाऊक नसते. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. रायगडला मात्र मुंबईच.

काकीचं पहिलं वर्ष आम्ही असंच घालवलं. दुसऱ्या पावसाळ्याआधी शहाणे झालो. मे महिन्यात बुजलेल्या मोरीचे फोटो काढले, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. रस्त्याची उंची उंबऱ्यापासून मापली. रस्त्याचं काम करणाऱ्या खात्याला पत्र दिलं की मोरी बंद आहे, पाऊस पडला की घरात पाणी जाईल, आणि पोचेवर शिक्का घेतला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैतल्या पावसाला अकल्पित म्हणता येत नाही, आणि आधी कळवलेल्या पाण्याला तर नाहीच.

जुलैत पाणी आलंच. या वेळी कणगी माळ्यावर होती, पण मातीची मागची भिंत बसली. तलाठी आले. कारणाच्या ओळीत त्यांनी पुन्हा "अतिवृष्टी" लिहिलं. काकीनं सही करायच्या आधी पेन मागून घेतलं, आणि सहीच्या वर तिच्या गोल, शाळेतल्या अक्षरात लिहिलं: "मोरी बुजलेली असल्याने पाणी घरात आले. तसे दि. १८ मे रोजी कळवले आहे." तलाठ्यांनी वाचलं आणि काही न बोलता खाली आपली सही केली.

कलम ८० ची नोटीस गेली. उत्तर आलं तेव्हा दोन महिने संपायला सहा दिवस होते. त्यात भरपाई नाकारली होती, काम मंजूर आराखड्याप्रमाणे झाल्याचं म्हटलं होतं. पण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: "सदर मोरीतील डबर काढण्याची कार्यवाही सुरू आहे." दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खात्याच्या स्वतःच्या कागदावर मोरी आली होती, आणि तिच्यातलं डबरही. वकीलबाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि दाव्याचा मसुदा लिहायला घेतला.