नागपुरात ॲट्रॉसिटी, सोलापुरात मारामारी

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटलं की तो पत्ता विचारत नाही. पूर्वी तिथं तारेचं कुंपण होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लावला, आणि कैकाडी, पारधी अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. कुंपणाच्या आत राहायचं, हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. माणसं ‘विमुक्त’ झाली. वस्तीचं नाव तेवढं राहिलं.

द्वेषगुन्ह्यांचा, म्हणजे हेट क्राइमचा, अभ्यास कसा करावा हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

समजा, कैकाडी समाजातल्या एका माणसाला कुणी जातीवरून शिव्या देऊन मारलं. तो मूळचा नागपूर किंवा अकोल्याचा असेल, तर तो अनुसूचित जातीत मोडतो. मारणारा अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असला की १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागतो, आणि देशाच्या गुन्हे अहवालात ती घटना जातीय अत्याचार म्हणून दिसते. सोलापुरात मात्र हाच समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. काठी तीच, शिवीही तीच, पण कलम साध्या मारहाणीचं. मग तक्ते चाळणारा म्हणणार, सोलापुरात कैकाड्यांवर जातीय हल्ले होत नाहीत. बेरीज त्याची बरोबरच असते. रकाना आधीच गाळलेला असतो.

हा रकाना कुणी आखला, त्यात कोण बसलं, कोण बाहेर राहिलं, हे चिकित्सक संशोधक आधी विचारतात आणि आकड्यांकडे नंतर वळतात. आपल्याकडच्या मोजणीत आणखी एक खोच आहे. एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असली तरी गुन्हे अहवालात सर्वांत गंभीर तेवढंच मोजतात. खुनाबरोबर द्वेष पसरवण्याचं कलम असेल, तर हिशेबात उरतो फक्त खून. २०१७ साली झुंडबळी आणि द्वेषगुन्हे वेगळे मोजून पाहिले होते. माहिती भरवशाची नाही म्हणून ते काम थांबवल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं.

अमेरिकेत १९९० पासून द्वेषगुन्हे मोजण्यासाठी खास कायदा आहे. तरी तिथं पोलिसांमार्फत दरवर्षी काही हजार घटना नोंदल्या जातात, आणि घरोघर जाऊन लोकांनाच विचारणारं सरकारी सर्वेक्षण सुमारे अडीच लाखांचा अंदाज देतं. दोन्ही आकडे सरकारचेच!

बार्बरा पेरी या अभ्यासिकेनं २००१ मध्ये वेगळीच बाजू पुढे आणली. मारणाऱ्याच्या डोक्यात किती राग होता, हे मोजत बसण्यात फारसं हाती लागत नाही. तो मार समोरच्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना त्यांची पायरी दाखवतो, हे पाहा, असं त्यांचं म्हणणं. ‘पायरीनं राहा’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या आपल्याला ते वेगळं समजवावं लागत नाही.

१ जुलै २०१८ ची धुळे जिल्ह्यातली राईनपाड्याची घटना या नजरेनं पाहा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. व्हॉट्सॲपवरची अफवा हे कारण सांगितलं गेलं, आणि ते खोटं नाही. पण त्या दिवसांत अफवा सगळ्यांच्याच फोनवर होती. संशय कुणावर घ्यायचा हे फोन सांगत नव्हता. ते फार आधीच ठरलेलं होतं. हा समाजही भटक्या जमातींत येतो, ॲट्रॉसिटीच्या बाहेर.

मागे मी सेटलमेंटमध्ये एका टोपल्या विणणाऱ्या मामांना प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला होता. तुमच्यावर कधी द्वेषातून हल्ला झालाय? “नाही ओ,” ते म्हणाले. हातातली कामटी थांबली नाही. मी ‘नाही’वर खूण केली आणि चहा घेता घेता सहज विचारलं, आसपास चोरी झाली की चौकशीला आधी कुठं येतात?

“हितंच की. पोरं उचलून नेतात, दोन दिवसांनी सोडतात.”

“मग मघाशी नाही म्हणालात ते?”

“तुमी ते कुठं इचारलं?”