किटकॅट फ्यूजपासून एमसीबीपर्यंत: जुन्या घरांतल्या वायरिंगची पार्श्वभूमी

जुन्या चाळींत आणि वाड्यांत मीटरच्या फळीवर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आजही दिसतात. काही घरांत ते काढून एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारे खटके) बसवले जातात आणि मग तक्रार सुरू होते: ‘पूर्वी काही त्रास नव्हता, आता सारखं ट्रिप होतं.’ राग एमसीबीवर निघतो. खरं कारण बहुतेक वेळा भिंतीतल्या जुन्या तारांमध्ये असतं, म्हणून या फळीचा इतिहास माहीत असायला हवा.

मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. सामान्य घरांत वीज पोचायला त्यापुढे कित्येक दशकं गेली. खेड्यांत तर १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावरच या कामाने वेग घेतला. तेव्हा घरात वीज म्हणजे दोन-तीन दिवे, एखादा पंखा, फार तर रेडिओ. त्यासाठी ५ अँपिअरचं सर्किट भरपूर होतं. २३० व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे ११५० वॅट. आज २००० वॅटचा एकटा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो.

किटकॅटची रचना अगदी साधी. वरचा तुकडा ओढून काढायचा, दोन स्क्रूंमध्ये कल्हई केलेली तांब्याची बारीक तार बांधायची, तुकडा परत दाबायचा. ५ अँपिअरला ०.२ मिलिमीटर जाडीची तार, १५ ला ०.५. स्वस्त आणि घरच्या घरी दुरुस्त होणारी ही वस्तू इतकी वर्षं टिकली यात नवल नाही. पण तिच्यात दोन मोठ्या उणिवा होत्या. एक म्हणजे असा फ्यूज त्याच्या क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह होईपर्यंत वितळत नाही. दुसरी जास्त घातक: कोणती तार बांधायची हे बांधणाऱ्यावर सोडलेलं. रात्री फ्यूज उडाला, फ्यूज वायर सापडली नाही, की कुठल्यातरी जुन्या वायरचे तीन-चार पदर पिळून बांधले जायचे. दिवे लागायचे आणि पुढे फ्यूज कधीच उडायचा नाही. जे वितळायचं ते मग भिंतीतलं वायरिंग.

जुन्या फळ्यांवर आणखी एक गोष्ट आढळते: फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) एक फ्यूज आणि न्यूट्रललाही (ती परत नेणाऱ्या तारेला) एक. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की पंखा थांबतो, दिवा विझतो, आणि सगळ्यांना वाटतं लाइट गेली. प्रत्यक्षात फेज होल्डरपर्यंत जिवंत असतो. १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समधल्या नियम ३२ ने न्यूट्रलमध्ये असा स्वतंत्र फ्यूज घालायला मनाई केली. तरीही अशा फळ्या अजून भिंतींवर आहेत. माझ्या मते जुन्या घरात सगळ्यात आधी बदलायची गोष्ट हीच.

तारांचाही काळ बदलत गेला. लाकडी पट्टीवर रबर आणि सुती वेष्टनाच्या वायरी असत. वय झालं की रबर कडक होऊन तडकतं. पुढे पीव्हीसी आलं. तांबं आयात करावं लागे आणि परकीय चलनाची टंचाई होती, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांत अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा पडल्या. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जोड सैल होऊन तापतो. स्विचबोर्ड काळवंडलेला दिसला तर संशय आधी इथे घ्यावा.

एमसीबीचं मूळ जर्मनीतल्या मानहाइममध्ये, ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यातल्या १९२४ च्या पेटंटमध्ये आहे. आत द्विधातूची पट्टी असते, ती जादा लोडने तापून वाकते. आणि एक कॉइल असते, ती शॉर्टसर्किटला क्षणात खटका पाडते. आपल्या घरांत हा प्रकार रुळला तो साधारण ऐंशीच्या दशकापासून पुढे. एमसीबी क्षमतेच्या १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडतो. म्हणजे किटकॅटने वर्षानुवर्षं निमूट सोसलेला लोड तो सोसत नाही. ‘पूर्वी त्रास नव्हता’ याचं उत्तर हे आहे. यावर १६ अँपिअरचा काढून ३२ चा एमसीबी टाकणं हा उपाय सर्रास केला जातो, आणि मला त्याची खरंच धास्ती वाटते: वायर तीच १.५ चौरस मिलिमीटरची राहते, म्हणजे पिळलेले पदरच नव्या डब्यात आले.

आरसीसीबीची, म्हणजे विजेची गळती ओळखणाऱ्या खटक्याची, गोष्ट वेगळी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो पुरवठा तोडतो. माणसाला शॉक बसताना जीव वाचवतो तो हाच. जुन्या घरात मात्र दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात, कुठे न्यूट्रल थेट अर्थिंगला बांधलेलं असतं, कोकणात तर पावसाळ्यात ओल्या भिंतीतूनही गळती होते. आरसीसीबी बसवताच पडतो आणि ‘खराब निघाला’ म्हणून बायपास केला जातो. तसं होऊ देऊ नये. प्रत्येक सर्किटचं न्यूट्रल वेगळं करून घ्यावं आणि मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) ५०० व्होल्टवर वायरिंगचं इन्सुलेशन तपासून घ्यावं. रीडिंग निदान १ मेगओम हवं, आणि ते पावसाळ्यात घेतलेलं असेल तर जास्त भरवशाचं.