‘डोनट्स’ आणि रुग्णशय्येची कथा

हिप-हॉप संगीतनिर्माता जे डिला याचा ‘डोनट्स’ हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी बाजारात आला. त्याच दिवशी त्याला ३२ वर्षं पूर्ण झाली आणि तीनच दिवसांनी, १० तारखेला, लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. टीटीपी हा रक्ताचा दुर्मीळ आजार आणि ल्यूपस या दोन्हींनी त्याला पोखरलं होतं. साहजिकच बहुतेकांनी हा अल्बम मृत्युपत्रासारखा ऐकला. इस्पितळाच्या खाटेवर सँपलर (जुन्या गाण्यांचे तुकडे कापून नव्याने वाजवण्याचं यंत्र) घेऊन बसलेला डिला आणि त्याची सुजलेली बोटं चोळून देणारी आई मॉरीन यान्सी, ही हकिगत तर घराघरात पोचली.

अल्बमचं मूळ मात्र बीट टेपमध्ये आहे. रॅपरांनी ऐकून निवड करावी म्हणून निर्माते छोट्या-छोट्या बीट्सची, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीताच्या तुकड्यांची, अशी टेप फिरवत. डेट्रॉइटच्या डिलाने स्लम व्हिलेज, ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हे रॅप गट आणि रॅपर कॉमन यांच्यासाठी वर्षानुवर्षं हेच काम केलं होतं. ‘डोनट्स’मध्ये ४३ मिनिटांत ३१ तुकडे आहेत, ते त्यामुळेच. डॅन चार्नस यांनी २०२२ मध्ये लिहिलेल्या डिलाच्या चरित्रानुसार यातलं बहुतांश काम इस्पितळाबाहेरचं. आखूड टेप वाढवून अल्बमएवढी केली ती स्टोन्स थ्रो या रेकॉर्ड कंपनीच्या जेफ जँक यांनी.

पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने सुरुवातीला अल्बमला १० पैकी ७.९ गुण दिले होते. २०१३ मध्ये नव्या आवृत्तीला पूर्ण १० मिळाले. मधल्या काळात संगीत बदललं नव्हतं, ऐकणारे बदलले होते. त्यात शोकाचा वाटा मोठा, हे मान्यच करायला हवं. पण मला वाटतं, त्या शोकापायी कारागिरी झाकली गेली.

‘डोन्ट क्राय’ हा तुकडा घ्या. आधी एस्कॉर्ट्स या गायकगटाचं जुनं सोल गाणं डिला जवळजवळ जसंच्या तसं वाजू देतो. कान त्याला सरावले की तेच गाणं बारीक कापून, सुरांची जागा बदलून, अडखळत्या ठेक्यावर नव्याने बांधतो. कच्चा माल आणि घडवलेली वस्तू एकाच जागी, आपल्या कानांदेखत. अनेकांना त्यात आईला दिलेला निरोप ऐकू आला. मला त्यात आधी ऐकू येतो तो आपली विद्या उघड करून दाखवणारा उस्ताद.

रॅपरांनी तर या बीट्सना अखेरचा शब्द मानलंच नाही. अल्बममधल्याच ‘वन फॉर घोस्ट’ या तुकड्यावर रॅपर घोस्टफेस किलाने मार्च २००६ मध्येच, आपल्या ‘फिशस्केल’ अल्बममध्ये, रॅप केलं.