डिस्कशिवाय चालणारी संगणक खोली

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या शाळेतल्या संगणकाला सोसावं लागतं ते असं: उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे गेलेला पारा, वर्षभराची धूळ आणि भर तासाला गेलेली लाइन. त्यात फिरत्या तबकडीची हार्डडिस्क पहिली मान टाकते. डिस्कवर काही लिहिलं जात असतानाच वीज गेली, तर विंडोज पुन्हा उठेलच याचा नेम नाही. बाकी यंत्र मात्र ठणठणीत असतं.

अशा यंत्रातली डिस्क काढून टाकली तरी चालतं. डिस्कऐवजी नेटवर्कच्या तारेवरून संगणक सुरू करायच्या, इंटेलने ठरवलेल्या पीएक्सई पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९९ मधली. तेव्हापासून डेस्कटॉपची बहुतेक नेटवर्क कार्डं ती जाणतात. बटण दाबलं की कार्ड तारेवर हाक देतं: मला पत्ता द्या, आणि कोणती फाइल कुठून उचलू तेही सांगा. पत्ता मिळतो डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, फाइल टीएफटीपी या फाइल पोचवणाऱ्या सेवेकडून. वायफायवर हे जमत नाही, केबलच लागते.

मग ही फाइल देणारा सर्व्हर कुठला घ्यायचा? इथे उगाच मोठ्या खर्चाची भीती घातली जाते. खरं तर सर्व्हर ती फाइल स्वतः चालवत नाही, नुसती काढून देतो. कृषी केंद्रवाल्याकडे स्वतःचं शेत असावं लागत नाही, तसंच हे. म्हणून मोबाइलमध्ये असतो तसल्या एआरएम प्रोसेसरवरचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक इंटेलच्या डेस्कटॉपला बिनदिक्कत उठवतो. फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरही हेच काम होतं. पाय घ्यायचाच तर चौथ्या पिढीचा घ्यावा, कारण आधीच्यांना खरं गिगाबिट, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट, नाही. २० यंत्रांनी प्रत्येकी १०० एमबी मागितले तर १०० मेगाबिटच्या तारेवर पावणेतीन मिनिटं सहज जातात.

टीएफटीपी मात्र फार जुन्या वळणाचं आहे. ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. ५० एमबीच्या फाइलला असे लाखावर तुकडे होतात, आणि तुकड्यांचे क्रमांक ६५,५३५ लाच संपतात! म्हणून तुकडा मोठा करायची सोय १९९५ मध्ये आली. आयपीएक्सई हे पीएक्सईचं सुधारलेलं रूप वापरलं तर पुढचा सगळा माल वेबसाइटसारखा एचटीटीपीने येतो, आणि ते कितीतरी वेगवान. टीएफटीपीला पासवर्डही नसतो, तेव्हा त्या फोल्डरमध्ये खाजगी काही ठेवू नये.

शाळेतला राउटर आधीच पत्ते वाटत असतो. त्याच्याशी भांडण नको म्हणून डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी पद्धतीने लावतात: पत्ता राउटरनेच द्यावा, याने फक्त फाइलचं नाव सांगावं. यंत्र चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम जुन्या यंत्रांत बायोस असतो, नव्यांत यूईएफआय; बायोसला एक फाइल लागते, यूईएफआयला दुसरी. कार्ड हाकेतच आपली जात सांगतं, त्यावरून निवड होते.

माझं मत विचाराल तर पायपेक्षा लिनक्स घातलेला जुना लॅपटॉप बरा. लाइन आली की तशी सेटिंग असलेले सगळे डेस्कटॉप एकदम जागे होतात. कार्ड ४, ८, १६, ३२ सेकंद अशी चार वेळा वाट पाहतं. मिनिटभरात कुणी ओ दिली नाही तर पडद्यावर ‘पीएक्सई-ई५१’ झळकतं आणि गुरुजींना प्रत्येक यंत्र हाताने पुन्हा चालू करावं लागतं. बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप लाइन गेल्यावर बंदच झालेला नसतो, त्यामुळे त्याच्याकडून उत्तराला उशीर होत नाही.