फादर अँथनी डिमेलो आणि रोमचा आक्षेप : पार्श्वभूमी

येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे भारतीय धर्मगुरू आणि अध्यात्मलेखक फादर अँथनी डिमेलो यांच्या लेखनावर व्हॅटिकनने पत्रक काढून अधिकृत आक्षेप घेतला तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. श्रद्धासिद्धांतांची जपणूक करणाऱ्या मंडळाच्या या पत्रकावर २४ जून १९९८ ही तारीख आणि मंडळाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची स्वाक्षरी आहे. डिमेलो यांची भूमिका कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असून तिच्यामुळे गंभीर हानी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. हा वाद समजून घ्यायचा तर एका माणसाच्या मतांपेक्षा बरेच मागे जावे लागते.

डिमेलो १९३१ साली मुंबईत जन्मले आणि १९४७ मध्ये अंधेरीच्या ‘विनयालय’ या येशूसंघाच्या प्रशिक्षणगृहात उमेदवार म्हणून दाखल झाले. बार्सिलोनात तत्त्वज्ञान, शिकागोत मानसशास्त्र आणि रोममध्ये अध्यात्मशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेल्या ध्यानपद्धतीचे जाणकार मार्गदर्शक म्हणून त्यांचे नाव आधी झाले, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. ते परंपरेच्या बाहेरून आलेले नव्हते. परंपरेत मुरल्यावरच त्यांनी तिच्या कडा तपासायला सुरुवात केली.

त्या काळाने त्यांना बळही दिले. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात हिंदू आणि बौद्ध परंपरांचा आदराने उल्लेख होता आणि त्यांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. भारतातल्या अनेक धर्मगुरूंना हे आपल्याच मनातले वाटले. सतराव्या शतकात मदुराईत इटालियन येशूसंघीय धर्मप्रचारक रॉबर्ट दी नोबिली यांनी संन्याशाचा वेष स्वीकारला तेव्हाही वाद रोमपर्यंत गेला होता आणि १६२३ मध्ये पोपने बव्हंशी त्यांच्या बाजूने निर्णय दिला होता. मात्र दी नोबिलींचा वाद मुख्यतः वेष, चालीरीती आणि खुणांचा होता. डिमेलो यांच्या वेळी प्रश्न थेट प्रार्थनेच्या गाभ्याशी आला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. तेथे धर्मगुरू आणि धर्मभगिनी श्वासाकडे लक्ष देणे, शरीरातील संवेदना न्याहाळणे, मौन पाळणे आणि त्याच्या जोडीला आधुनिक समुपदेशनाच्या पद्धती शिकत. १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘साधना’ याच नावाच्या पुस्तकात ख्रिस्ती प्रार्थना आणि पौर्वात्य ध्यान शेजारी शेजारी नांदतात. पुढे मात्र त्यांचा भर छोट्या बोधकथांवर आला. सूफी, झेन, हिंदू, ज्यू आणि ख्रिस्ती गोष्टी तिथे एकत्र येतात आणि उपदेशापेक्षा जाग येण्याला महत्त्व मिळते. जून १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.

पत्रकाने हा प्रवास नेमका टिपला आहे. सुरुवातीच्या पुस्तकांवर बौद्ध आणि ताओ विचारांचा प्रभाव असला तरी ती ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतात, असे त्यात मान्य केले आहे. आक्षेप मुख्यतः नंतरच्या लेखनावर होता : देव निराकार शून्यासारखा उरतो, येशू अनेक गुरूंपैकी एक होतो आणि पाप हे केवळ अज्ञान ठरते. येशू हाच एकमेव तारणारा मानणाऱ्या धर्मसंस्थेला हे खटकावे, यात अन्याय नाही. खरी अडचण पुराव्याची आहे. डिमेलो यांच्या नावावरची काही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, शिबिरांतील बोलण्यावरून तयार झाली, आणि सर्व मजकूर त्यांनी प्रकाशनासाठी संमत केलेला नव्हता, हे मंडळाच्या स्पष्टीकरणातच नमूद आहे. शिबिरात समोरच्याला हलवण्यासाठी बोललेले वाक्य सिद्धांत म्हणून वाचले गेले आणि त्याचा अर्थ सांगायला बोलणारा हयात नव्हता, ही गोष्ट मनाला लागते.

रोमचे वातावरणही बदलले होते. याच मंडळाने १९८९ मध्ये झेन आणि योग यांसारख्या पद्धती ख्रिस्ती प्रार्थनेत आणताना सावध राहण्यास सांगणारे पत्र काढले होते. श्रीलंकेचे ईश्वरशास्त्रज्ञ फादर टिस्सा बालसूरिय यांना त्यांच्या लेखनावरून जानेवारी १९९७ मध्ये चर्चमधून बहिष्कृत करून वर्षभराने परत घेण्यात आले. भारतात दीर्घकाळ अध्यापन केलेले येशूसंघीय ईश्वरशास्त्रज्ञ जाक द्युपुई यांच्या धर्मबहुलतेवरील लेखनाची चौकशीही १९९८ मध्येच सुरू झाली, आणि २००० मध्ये ख्रिस्ताच्या एकमेवत्वाची ठाम पुनरुक्ती करणारा दस्तऐवज आला. आशियातील धर्मबहुलतेतून निघालेल्या ईश्वरविचाराकडे रोम तेव्हा सतत संशयाने पाहत होते आणि डिमेलो प्रकरण त्याच मालिकेत मोडते.

पुस्तके मात्र वाचनातून गेली नाहीत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये एक खुलासा छापला जाऊ लागला : हे लेखन बहुधर्मीय परिस्थितीत, अन्य धर्मांचे अनुयायी, अज्ञेयवादी आणि नास्तिक यांच्या आध्यात्मिक शोधाला मदत व्हावी म्हणून झाले असून, कॅथलिकांना धर्मसिद्धांत शिकवणारी क्रमिक पुस्तके म्हणून ते लिहिलेले नाही.